वरच्या मजल्याच्या सळया

निरगुडसरला आमच्या शेजाऱ्यांनी घर बांधलं, तेव्हा दोन्ही मुलांसाठी पुढे वरचा मजला चढवायचा म्हणून गच्चीवर कंबरेएवढ्या सळया सोडून ठेवल्या. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला वर नेत. "ही थोरल्याची खोली, आन् हे धाकट्याचं दार. फिक्स धरा." दार बुटकं ठेवायचं ठरलं होतं, म्हणून त्या नसलेल्या दारातून ते वाकून आत जात. मी एकदा बाजूने सरळ चालत गेलो, तर म्हणाले, "भित हाय तिथं, राव."

पुढे थोरल्याने पुण्यात फ्लॅट घेतला, धाकटा नाशिकला रमला. सळया गंजल्या. शेजारच्या काकूंनी त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढवला. दहा वर्षं वाट पाहून शेजाऱ्यांनी एका सकाळी सगळ्या सळया बुडापासून कापल्या आणि भंगारात घातल्या. आठवड्याच्या आत धाकट्याचा फोन आला. कंपनी बंद पडली होती, तो बायकापोरांना घेऊन गावीच राहायला येत होता.

मी गच्चीवर गेलो. ते मोकळ्या स्लॅबवर एकटेच उभे होते.

"सळया कापल्यात, राव," ते म्हणाले. "दार हाय तिथंच हाय. या आत."

मी वाकून आत गेलो.