देवाकडे गोठा नाही

मातियुस पासापान गावात कुणालाच फारसा आवडत नसे. रांतेपाओ शहराच्या वरच्या डोंगरात आमचं गाव. तिथे माणसाची किंमत त्याच्या मयताला किती रेडे पडले, किती त्याच्यासोबत वर गेले यावर ठरते, आणि हा गृहस्थ प्रत्येक मयताला जाऊन वाट्याचं मांस परत करायचा. कुणी आग्रह केलाच तर म्हणायचा, "देवाकडे गोठा नाही रे बाबांनो. रेडे बांधणार कुठे?" लोक तोंडावर हसत आणि पाठ फिरली की शिव्या देत. वाटा परत करणं हा यजमानाचा अपमान असतो, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पुरतं ठाऊक होतं.

त्याच्या या हट्टामागे एक शेत होतं. तरुणपणी बाप गेला तेव्हा मातियुसनेही सगळ्यांसारखंच केलं होतं. तळ्याकाठचं भाताचं शेत विकून रेडे कापले. गावाने वाहवा केली, आणि पुढे त्याची पोरं रताळी खाऊन वाढली. घरापुढच्या खांबावर त्या रेड्यांची शिंगं एकावर एक बांधलेली होती. तिकडे बोट करून तो लेकीला, लुडियाला म्हणायचा, "ते बघ, आपलं शेत तिथे टांगलंय."

लुडियाला बापाचं पटलं. ती रविवारी ख्रिस्ती देवळात बापाच्या शेजारी बसायची, नवरा गेल्यावर माहेरी परतली आणि झऱ्याखालचं उरलेलं शेत कसू लागली. तिच्या धाकट्या भावाला, ओक्तोला मात्र पटलं नाही. शाळेत पोरं त्याला 'वाटा परतवणाऱ्याचा' म्हणून चिडवत. मोठा झाल्यावर तो जो समुद्रापलीकडे कलिमंतानच्या कोळशाच्या खाणीत गेला, तो नाताळलाही क्वचितच यायचा. आला की खांबावरची जुनी शिंगं पुसून ठेवायचा, आणि बापाशी बोलायचा नाही.

शेवटच्या आजारात मातियुसने पाद्री तांदींना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर लेकीचा हात धरला. "लुडिया, मी गेलो की त्याच दिवशी मला पूर. एक गाणं, एक प्रार्थना. वर्षानुवर्षं मला घरात आजारी म्हणून झोपवू नका. वचन दे."

"दिलं, आंबे," ती म्हणाली. आमच्याकडे बापाला आंबे म्हणतात. पाद्रींनी आमेन म्हटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका पहाटे तो गेला. लुडियाने शेजाऱ्याला पाद्रींकडे धाडलं, शवपेटी आणायला सांगितली, बापाचे डोळे मिटले, अंगावर स्वच्छ चादर घातली. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मग ती चुलीपाशी गेली, आणि रोजच्या सवयीने हात चालत राहिले. कॉफी उकळली, कपात ओतली, बापाच्या उशाशी नेऊन ठेवली आणि म्हणाली, "आंबे, गरम आहे हं."

तेवढ्यात आत्या दारात उभी राहिली. तिने कप पाहिला, पुढे होऊन भावाच्या पायाशी बसली आणि शांतपणे विचारलं, "दादा, रात्री झोप लागली का?"

तेव्हा लुडियाच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते. आमच्याकडे मेलेल्या माणसाला कुणी खाऊपिऊ घातलं की तो मेलेला नसतो, आजारी असतो. आणि आजारी माणसाला पहिला रेडा पडेपर्यंत कुणी घराबाहेर काढत नाही. पाद्री पेटी घेऊन चढण चढून येईपर्यंत अख्ख्या गावाला कळलं होतं, मातियुस आजारी आहे.

फोनवर ओक्तो म्हणाला, "आजारी बापाला पुरतेस होय गं ताई? कॉफी कुणी दिली? मी दिली का?"

"अरे, चुकून..."

"चुकून तरी खरं वागलीस एकदा. थांबा आता. मी पैसे जमवतो."

लुडियाने पाद्रींकडे पाहिलं. ते खाली बघत म्हणाले, "घरच्यांचं एकमत होऊ दे, बाई." आणि पेटी परत गेली. तिला त्यांचा इतका राग आला, की त्या रविवारी ती गाण्याला उभी राहिली नाही.

मातियुस अडीच वर्षं आजारी होता. देह कुजू नये म्हणून औषधाच्या सुया टोचून त्याला टिकवला. लुडियाने पुन्हा त्याच्यापुढे काही ठेवलं नाही. ते काम आत्या करायची आणि पाणवठ्यावर सांगायची, "सख्खी लेक बापाला उपाशी ठेवते, बाई!"

शेवटी ओक्तो आला. पैसे कमी पडले तेव्हा झऱ्याखालचं शेत विकलं. लुडिया नाही म्हणाली, पण तिचं विचारतो कोण? मांडव पडले, डुकरं आली, ठिपक्यांचा एक महागडा रेडा आणला, लोकांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. अंगण रक्ताने निसरडं झालं असताना पाद्री तांदींनी माइक धरला. "आपले मातियुस काय म्हणायचे? देवाकडे गोठा नाही! आपली संपत्ती स्वर्गात आहे." लोक डोळे पुसत हसले. आमेन झालं. लगेच त्याच माइकवरून देवळाच्या नव्या छपरासाठी मांसाचा लिलाव सुरू झाला.

मातियुसला कड्यातल्या कपारीत ठेवून सगळे परतले. ओक्तोने स्वतः शिडीवर चढून नवी शिंगं खांबाला बांधली आणि घाम पुसत पायरीवर बसला. फार वर्षांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता.

"नाव झालं ना ताई आंबेंचं? आता कोण चिडवतो बघू. तुझ्या वेळी तर याहून मोठं करेन."

लुडिया खांबाकडे बघत राहिली. जुन्या शिंगांच्या वर नवी, तळ्याकाठच्या शेतावर झऱ्याखालचं.

"जरा कॉफी टाक ना," ओक्तो म्हणाला.

"नाही टाकणार," ती म्हणाली. "एकदा सवयीने टाकली, ती आंबेंना अडीच वर्षं पुरली. तुझी तू करून घे. आणि माझ्या उशाशी कुणाला कप ठेवू देऊ नकोस."

ओक्तो हसला. त्याला वाटलं, ताई दमली आहे. मग तो आत गेला आणि चुलीपाशी कप शोधू लागला.