गोदाच्या कुंड्यांना घातलेलं पाणी

मांडवीचा जानू तीस-पस्तीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर खलाशी होता. महिन्यातले वीस दिवस दर्यावर, उरलेले झोपेत. घर काय ते बायकोने, गोदाने चालवलं. दारापुढच्या पडवीत तिच्या कुंड्या होत्या. तेलाच्या डब्यांत तुळस आणि कढीलिंब, फुटक्या बादलीत गवती चहा, बर्फाच्या जुन्या थर्माकोल पेटीत पुदिना आणि ओवा. यातलं चहात काय पडतं आणि आमटीत काय, एवढंच जानूला ठाऊक.

दिवाळी सरली आणि गोदाच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, "मतलई वारा सुटेल आता. कुंड्या तेवढ्या भिंतीकडे सरकवा." आठव्या दिवशी ती गेली.

तेरावं आटोपून मुलगी रुपाली सावर्ड्याला सासरी परतली. जानूने बोटीवर जायचं सोडलं. मार्गशीर्षात जमिनीकडून पहाटेचा गार, कोरडा मतलई वारा वाहू लागला, तशी तुळशीची पानं काळवंडून गळायला लागली. जानूने कुंड्या भिंतीलगत ओढल्या, फाटक्या जाळ्याचा आडोसा बांधला, संध्याकाळी वर गोदाचं लुगडं पांघरलं. आणि दोन्ही वेळा प्रत्येक कुंडीला तांब्याभर पाणी घालायला लागला.

शेजारच्या यमुनाबाईंनी एकदा कुंपणावरून हटकलं. "जानू, थंडीत झाडाला तहान कमी लागते रे. माती सुकू दे की जरा."

"बघतो," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या घेऊन उभा.

रुपालीचा रोज फोन यायचा. "आईची झाडं कशी आहेत, बाबा?"

"बरी आहेत. पुदिना तर काय माजलाय म्हणतेस." तोवर पुदिन्याचा चिखल झाला होता.

संक्रांतीला रुपाली न कळवता आली. पडवीत उभी राहून तिने सगळं पाहिलं. पदर खोचला आणि तुळशीचा डबा आडवा करून माती मोकळी केली. मुळं काळी पडून बुळबुळीत झाली होती. कुबट वास आला.

"रोज पाणी घालत होतात?"

"दोन्ही वेळा."

"आई थंडीत आठवड्याला दोनदा घालायची, तेही बोट खुपसून, माती कोरडी लागली तरच. यमुनाकाकी काही बोलल्या नाहीत?"

"बोलल्या." जानू पायरीवर बसला. म्हणाला, "शेवटच्या दुपारी ती पाणी मागत होती. डॉक्टरांनी सांगितलेलं, थेंबसुद्धा द्यायचा नाही, पोट उघडायचंय. मी नाही दिलं. तांब्या तिला दिसू नये म्हणून खाटेखाली सारला. आणि मग ऑपरेशनला न्यायच्या आधीच ती..."

रुपालीला हे कोणी सांगितलं नव्हतं. मातीच्या हातांनीच ती बापाशेजारी टेकली. रडली दोघंही, आवाज न करता.

दुपारी तिने ओव्याचे दोन हिरवे शेंडे खुडले, राडा झालेली माती टाकून नव्या रेताड मातीत खोचले. "आता आठ दिवस हात लावायचा नाही," म्हणाली. ते आठ दिवस जानूला फार जड गेले. पेटीजवळ जायचा, माती चाचपायचा, मागे फिरायचा.

शिमग्याच्या सुमारास ओव्याला नवी पानं आली. गवती चहा कसाबसा तगला. तुळस गेली ती गेलीच, आणि दुसरी आणायला जानूचा पाय बाजाराकडे वळला नाही.

रुपालीचा फोन अजून रोज येतो. जानू आता तिला आहे ते सांगतो. जेवण केलं नाही म्हणतो. आज सकाळपासून घर खायला उठलंय म्हणतो. ती पलीकडे ऐकत राहते.