ब्रेकची हवा काढताना

आमची गाडी म्हातारी झाली आहे, पण हे बाबांसमोर बोलायची सोय नाही. मिल बंद पडल्यावर ते दुसऱ्यांच्याच गाड्या चालवत राहिले; स्वतःची म्हणावी अशी ही एकच. लालबागच्या आमच्या चाळीच्या अंगणात ती पत्र्याखाली उभी असते आणि रविवारी आईबाबांना प्रभादेवीला घेऊन जाते.

परवा आईबाबांबरोबर गाडीत सिग्नलला उभं असताना ब्रेकचं पेडल हळूहळू खाली जायला लागलं आणि माझं डोकं फिरलं. खरं तर ब्रेक हे निमित्त. तरुणपण मिलच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे बाबांना आता कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. मागून हॉर्न वाजला तर यांना कळणार कसं, ही माझी खरी धास्ती.

"ब्रेक आज नीट झाला तर ठीक, नाहीतर संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावते," मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"आधी दुरुस्त तर करतो. मग तू म्हणशील तसं," बाबा म्हणाले. आपल्या गाडीचा निर्णय त्यांनी माझ्या शब्दावर सोपवला, हे मला त्या वेळी नीटसं उमगलं नाही.

त्यांनी उजवीकडचं मागचं चाक काढलं. ड्रमच्या आत तेलाचा ओघळ होता, तिथला छोटा सिलिंडर गळत होता. तो बदलला. आता पाइपात शिरलेली हवा काढायची, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा स्क्रू सैल करून बुडबुडे बाहेर सोडायचे. स्क्रू पुन्हा घट्ट होईपर्यंत पाय उचलायचा नाही. उचलला की हवा परत आत.

पेडलवर मी बसले. शेजारच्या टॉवरचं पायलिंग चालू होतं, त्यामुळे कानांच्या बाबतीत मीही बाबांच्याच पंगतीला. आरशात पाहिलं तर चाकामागून त्यांचा हात बाहेर आला, तळवा उघडा. थांब म्हणतायत असं समजून मी पाय उचलला. पुन्हा तळवा, पुन्हा मी पाय उचलला. दर वेळी हवा आत आणि बाबांच्या शिव्या बाहेर.

आई गॅलरीतून बघत होती. गुडघ्यांना बोल लावत ती खाली आली.

"पाय कित्याक काढतंस गो? चालू दे म्हणतत ते."

"हात दाखवला म्हणजे थांब ना?"

"ता रस्त्यार. साचेखात्यात उघडो हात म्हणजे चालू दे. ऊठ, तुका जमूचा नाय."

आई त्याच मिलमध्ये वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होती. साचेखात्यात आवाज ऐकू यायचा नाही म्हणून माणसं हातांनी बोलायची, हे मी ऐकून होते; पाहिलं कधीच नव्हतं. आई पेडलवर बसली आणि खिडकीतून हात बाहेर काढला. बाबांची मूठ वळली, हिने दाबलं. तळवा उघडला, हिने धरून ठेवलं. मध्येच तिची बोटं काहीतरी म्हणाली आणि तेलाने माखलेल्या हाताने त्याला उत्तर दिलं. एकदाही चुकली नाहीत. घरात भाजीच्या मिठापलीकडे न बोलणारी ही दोघं इतकं बोलत होती, की देव्हाऱ्यासमोर चपला घालून उभं राहिल्यासारखं मला झालं. मी खरोखर दोन पावलं मागे सरले.

अंगणातच आधी ब्रेक मारून पाहिला. मग भोईवाड्यावरून शिवडीच्या उताराकडे निघालो. मी मागे बसले. नेहमीप्रमाणे आईची बोटं डॅशबोर्डवर नाचत होती. आई गाडीत घाबरते, असं म्हणून आम्ही भावंडं आजवर तिला चिडवत आलो. डावीकडून एका बाइकने हॉर्न दिला. आईचा अंगठा डावीकडे वळला आणि बाबांनी गाडी किंचित उजवीकडे घेतली. मागे बस कोकलली. तिची दोन बोटं मागे झुकली, बाबांनी वाट दिली.

मी पुढे वाकून आईला विचारलं, "आणि ते एकटे गाडी घेऊन गेले तर?"

"एकटे कधी गेले?" आई म्हणाली. तिने बोटं थांबवली नाहीत.

उतारावर बाबांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. पेडल खाली जातंय का, हे बघत त्यांनी बराच वेळ पाय तसाच ठेवला. मग आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"काय? बोलवायचं त्या भंगारवाल्याला?"

मी ओरडून सांगायला तोंड उघडलं होतं. ते मिटलं, हात वर केला आणि तळवा उघडला.

बाबांनी ब्रेकवरचा पाय काढला.