दामूअण्णांच्या गावाचा इतिहास

वारा कोणता होता हे सांगितल्याशिवाय दामूअण्णा कुठलीच गोष्ट सुरू करत नसत. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ते फिटर आणि आमचे क्वार्टरचे शेजारी. चिमणीचा धूर आपल्या वाळवणाकडे येतोय की नाही, एवढाच आम्हा बाकीच्यांचा वाऱ्याशी संबंध. मी शाळेत इतिहास शिकवते एवढ्या भांडवलावर, नव्वद सालानंतर कधीतरी, त्यांनी मला आपल्या गावाचा इतिहास लिहायला बसवलं. रत्नागिरीकडचं, खाडीच्या तोंडावरचं, चाळीस घरांचं ते कोळ्यांचं गाव.

"राजेबिजे पुरे झाले तुझे. आमच्या होड्या कोणी बांधल्या ते लिव गो बाय!"

दर रविवारी मी लिहीत गेले. कुठल्या खडकावर जाळी फाटतात, कुठल्या साली बांगडा इतका आला की माडांना खत म्हणून घातला. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय तिथे कोणी होडी लोटत नसे. फक्त एकदा एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, हट्टाने आधीच लोटली आणि माणसं बुडाली. एवढं सांगून अण्णा चहा ठेवायला उठले ते उठलेच. अर्धवट इतिहास मला खपत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत, त्यांना न सांगता, मी सरळ ते गाव गाठलं.

किनाऱ्यावर एक बाई सुकट उलटत होती. मी बुडालेल्या होडीचं विचारलं.

"चार गेले. तीन गावले. चवथा माझा घो. तोच तांडेल. दर्भाचा माणूस करून जाळला त्याला, हितंच."

नवऱ्याचं नाव तिने घेतलं नाही. शेजारी बसलेल्या मुलीने घेतलं. नाव, आडनाव, सगळं दामूअण्णांचं. मी वाळूतच बसले. बाईने मला पाणी दिलं आणि ऊन लागलं म्हणाली.

परतल्यावर मी त्यांच्या दारातूनच ओरडले, "अण्णा, तुम्ही जिवंत आहात!" काय बोलत होते माझं मलाच कळेना.

ते म्हणाले, "लाटेनं मला लांब दुसऱ्या काठाला फेकला, बाकीच्यांना नाय. तिघांच्या आया किनाऱ्यावर. कुठल्या तोंडानं जाणार व्हतो?" थोड्या वेळाने म्हणाले, "तिला लिव. येऊ काय, विचार."

महिन्याभराने त्या मुलीच्या अक्षरात तिचं उत्तर आलं. "आम्ही त्यांचं दहावं-तेरावं सगळं केलं आहे. त्या तिघांची घरं आमच्या दाराला दार लावून आहेत. त्यांना काय सांगू? येऊ नका म्हणावं." खाली वेगळी ओळ होती: "तिकडे मासळी मिळते का?"

शेवटची ओळ त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

"लिव, मिळते."

पुढे काही वर्षांनी अण्णा गेले. कॉलनीतल्या माणसांनी खांदा दिला. मी कळवायला कार्ड घेऊन बसले, पत्ताही लिहिला. पण एकाच माणसासाठी तिला दुसऱ्यांदा रडायला लावण्याचं धाडस मला झालं नाही.