वाडीला मागास ठरवताना

मोजणीच्या नोकरीत एक गंमत असते. जे फॉर्मच्या रकान्यात बसतं ते बंगळूरला जातं. जे बसत नाही ते आपल्याजवळ राहतं. अशी वीस वर्षं काढली की ते इतकं साठतं, की चार मित्र जमले आणि कुणी चहा सांगितला की सांडायलाच लागतं!

बीदरला आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. काम एकच. राज्यातला कुठला भाग श्रीमंत आणि कुठला गरीब, हे घरोघर जाऊन लिहायचं. छप्पन साली आमचा भाग हैदराबादेतून म्हैसूर राज्यात आला. पुढं राज्याचं नाव कर्नाटक झालं, तेव्हा फॉर्मवरचं जुनं नाव आम्ही शाईनं खोडलं आणि नवं लिहिलं. श्रीमंतीतला आमच्या भागाचा नंबर मात्र खोडावा लागला नाही. तो शेवटचा होता, शेवटचाच राहिला.

ऑफिसात मी, ड्रायव्हर कुद्दूसभाई आणि माझ्या हाताखाली गौतम. गौतम खटकचिंचोळीजवळच्या एका वाडीचा. तीसेक घरं, सगळी छप्पननंतर बौद्ध झालेली. त्याची वहिनी अडली, तिला बैलगाडीतून भालकीला नेत होते, ओढ्याला पाणी होतं. ती गाडीतच गेली, बाळासकट. पुढच्या मोजणीत जी गावं मागास ठरतील त्यांना नर्स आणि बाळंतपणाची खोली मिळणार होती. म्हणून गौतमची एकच इच्छा होती, आपली वाडी मागास ठरावी. असली इच्छा धरून बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

आमच्याकडं वरचे साहेब बदली होऊन येत ते शिक्षा म्हणूनच. म्हैसूरकडचे एक साहेब आले, ट्रंक खाली ठेवली आणि तिच्यावरच बसून राहिले. नळाला पाणी नाही, वीज गेलेली. शेवटी कुद्दूसभाईला म्हणाले, "तीन वर्षं! मी असा काय गुन्हा केला?"

कुद्दूसभाईनं जीप पुसता पुसता सांगितलं, "साब, आपको तो तीन साल की हुई. हमारी पैदाइशी है!"

साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बदलीचे अर्ज लिहायला घेतले.

*

फॉर्म बंगळूरला छापला जायचा, आणि बंगळूरला दगड महाग. त्यामुळं त्यात लिहिलेलं, दगडी भिंत, दगडी छत, दगडी फरशी म्हणजे घर पक्कं, मार्क पाच. मातीचं असेल तर मार्क एक.

शहाबादच्या बाजूला गेलो तर काय! खाणीत फरशी फोडणाऱ्या मजुरांची वस्ती, आणि घरं सगळी दगडाची. छतालाही फरश्याच. आत एक चूल, दोन मडकी, बस्स. मी पाच मार्क लिहिले आणि घरवाल्याला म्हणालो, "तुमचं घर फॉर्मात लई श्रीमंत आलंय बघा."

तो आधी फॉर्मकडं आणि मग छताकडं बघत राहिला. म्हणाला, "सायेब, चांगली फरशी लॉरीत जातीय. फुटकी आमच्या डोस्क्यावर ऱ्हातीय. उन्हाळ्यात हितं आत बसून बघा एक डाव, मग लिव्हा."

त्या साली ती वस्ती कागदावर कावेरीकाठच्या मंड्याच्या बागायतदारांच्या बरोबरीला आली.

*

अफजलपूरची तऱ्हा निराळी. तिथं भीमेचं पाणी, ऊस, सोलापूरला जाणाऱ्या भरगच्च बसगाड्या. पण नदी सोडून आत गेलं की कोरडं रान. साहेबांनी सांगितलं, कुठलीही दहा घरं घ्या. पाऊस पडून गेलेला, काळ्या मातीत जीप रुतायची. मग काय, उसाच्या डांबरी रस्त्यावर जीप जिथं जिथं थांबली तिथलीच दहा घरं घेतली. तालुका सधन ठरला!

परत येताना कुद्दूसभाई म्हणाला, "देखो साब, गरीबी कहाँ से शुरू होती? जहाँ जीप का रस्ता खतम होता, वहाँ से."

मी ते वाक्य रिपोर्टात घालायला हवं होतं. घातलं नाही.

*

दुबलगुंडीला एका शेतकऱ्याला वाटलं, हे मोजायलेत म्हणजे काहीतरी न्यायलाच आलेत. मी विचारलं, "बैल किती?"

"न्हाईत."

तेवढ्यात आतल्या खोलीतून घुंगरांचा आवाज आला. मग शेपटीचा फटका, मग कसलीतरी पाटी पडली. मी विचारलं, "आत कोण आहे?"

तो जराही न डगमगता म्हणाला, "सासुरवाडीचं पावणं हायत."

"दोघं?"

"व्हय. जोडीनंच आलेत."

गौतम इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं. परत आला तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरलेला. म्हणाला, "अण्णा, ह्यानला लपवायला तर काई हाय."

*

आपल्या गावची मोजणी आपण करायची नाही, असा नियम. म्हणून वाडीत बंगळूरच्या साहेबांबरोबर मी गेलो. गौतमनं घरी एवढंच सांगितलं होतं, 'आमचे सायेब येणार हायत.' फॉर्मात काय लिहितात ते आधी सांगणं त्याला लबाडी वाटली. तसला माणूस तो.

पहिल्या घरी भिंती चुन्यानं पांढऱ्याशुभ्र. बाजेवर नवी चादर, भिंतीवर घड्याळ, कोनाड्यात ट्रान्झिस्टर, स्टीलच्या पेल्यात दुधाचा चहा. दुसऱ्या घरीही तसंच. तिसऱ्या घरी माझं लक्ष ट्रान्झिस्टरकडं गेलं. त्याची मोडकी एरिअल पिवळ्या दोऱ्यानं बांधलेली होती. पहिल्या घरातल्याचीही तशीच होती! पाचव्या घरी आम्ही जरा लवकर पोचलो, तर मागच्या दारानं एक माणूस डोक्यावर बाज घेऊन आत येत होता. पेले अजून ओले होते.

साहेबांची मान फॉर्मात. दिसेल ते लिहायचं, हा त्यांचाच हुकूम. ते लिहीत गेले. घड्याळ आहे, ट्रान्झिस्टर आहे, बाज आहे.

मला सगळं कळलं होतं. पण तिथं तोंड उघडलं असतं तर त्या तीस घरांची चारचौघांत अब्रू गेली असती. मी गप्प बसलो. चूक केली. नंतर साहेबांना एकट्याला गाठून सांगता आलं असतं, तेही सांगितलं नाही. साहेबांच्या फॉर्मात खोट काढायची मला भीती वाटली, दुसरं काही नाही.

निघताना गौतमची आई, गंगूआय, जीपपाशी आली. हात जोडून हळूच म्हणाली, "सायेब, आमच्या गौतमची मान खाली गेली न्हाई न्हवं?"

*

यादी आली ती टाइप करायला गौतमकडंच गेली, कारण ऑफिसात टाइप येणारा तो एकटा. सधन गावांत त्याच्या तालुक्यातलं पहिलं नाव त्याच्या वाडीचं. मी बाजूला उभा होतो. मशीन एकदाही थांबलं नाही. पान काढून त्यानं माझ्यापुढं ठेवलं.

"अण्णा, आमची वाडी म्हैसूरच्या बरुबरीला गेली बगा."

एरवी कुणाचा असा पहिला नंबर आला असता तर मी पेढे मागितले असते. कुद्दूसभाईनं त्या दिवशी दोनदा विचारलं, "क्या हुआ?"

*

यादीवर हरकत घ्यायची सोय होती. गावानं लिहून द्यायचं. मी आणि गौतम अर्ज घेऊन वाडीत गेलो. त्यात लिहिलं होतं, आमच्या सगळ्या गावात मिळून घड्याळ एक, ट्रान्झिस्टर एक, चांगली बाज एक. साहेबांचा मान राखायला त्या वस्तू घरोघर फिरवल्या. आम्ही गरीब आहोत.

गंगूआयनं शब्दावर बोट ठेवत सगळं वाचलं. मग लेकाकडं बघितलं. "हे कामून लिव्हायलास? सगळ्या गावाला उगडं पाडायलास व्हय?"

गौतम म्हणाला, "आय, वहिनी कशी गेली?"

तिनं कागद आपल्याकडं ओढून घेतला. मग तिनं पेन मागितलं. गौतमनं चार वर्षं दर रविवारी दुपारी वाडीतल्या बायाबापड्यांना समाजमंदिरात बसवून लिहायवाचायला शिकवलं होतं. एकेक जण आला आणि सही करून गेला. गंगूआयला नाव लिहायला अर्धी ओळ लागली. लिहून झाल्यावर तिनं कागद जरा लांब धरून बघितला. अर्ज गरिबीचा होता, पण त्या घडीला तिच्या तोंडावर मला दुसरंच काहीतरी दिसलं.

दीड महिन्यानं उत्तर आलं. अर्जावर प्रत्येक घराची सही आहे, अंगठा एकही नाही. इतक्या साक्षर गावाला मागास मानता येत नाही. सबब, अर्ज फेटाळण्यात येत आहे.

गौतमनं ते पत्र फायलीला लावलं आणि कामाला लागला. त्यानंतर त्यानं वाडीचं नाव काढलं नाही.

महिनाभरानं गंगूआय स्वतःच ऑफिसात आली. बरोबर वाडीतल्या पंधरावीस बाया, दोन म्हातारे. सकाळीच चालत निघून बस धरली असावी, पायांवर धूळ होती. तिनं पदरातून कागदाची घडी काढून टेबलावर पसरली. तोच अर्ज, नव्या कागदावर, तिच्याच अक्षरात. खाली जागा कोरी.

मी पेन पुढं केलं. तिनं ते बाजूला सारलं.

गौतम उठून दाराकडं निघाला. "कुटं चाललास?" ती म्हणाली. "हितंच थांब."

तो थांबला, भिंतीकडं तोंड करून. पाठीमागं बायांची ओळ लागली होती. गंगूआयनं पदरानं अंगठा पुसला आणि माझ्यापुढं धरला.

"लावा शाई, सायेब."