मागच्या रांगेतली तिसरी

आमच्या अक्कानं आयुष्यभर नाचाचे सिनेमे पाहिले, पण नायिकेकडे कधी धड पाहिलं नाही. मधोमध ती बाई गिरक्या घेऊन घेऊन दमायची, कॅमेरा तिच्या भुवईवरून हलायला तयार नसायचा, आणि अक्काची नजर पडद्याच्या काठावर. "तिले काय देखनं? तिले तं बठ्ठा गाव देखस," ती म्हणायची. "मांगली रांगमा देख. डावीकडली तिसरी." मग गाणं संपेपर्यंत त्या तिसरीचं काय झालं, एवढंच आम्ही बघायचं. ती चुकली का, तिचा पदर सुटला का, तिला शेजारणीचा धक्का लागला का. "घुंगरू टोची ऱ्हायनात तिले, तरी हाशी ऱ्हायनी देख," असं म्हणत अक्का स्वतःचेच घोटे चोळायची. गोष्टीतला नायक तिकडे आगगाडीखाली जावो नाहीतर राजा होवो, तिला त्याचं काही पडलेलं नसायचं.

अक्का म्हणजे माझी आई. माहेर सोनगीरचं, सासर सावद्याचं. पन्नासच्या वर वर्षं सावद्यात काढली, पण बोलली शेवटपर्यंत माहेरची अहिराणीच. सासरच्या बायका "आहे"च्या जागी येणाऱ्या तिच्या "शे"ला हसायच्या. ती त्यांना हसू द्यायची आणि पुन्हा "शे"च म्हणायची.

या तिसरीच्या वेडाचं मूळ मला फार उशिरा कळलं. सोनगीरच्या शाळेत गॅदरिंगला मुलींचा नाच बसवला होता. अक्का मागच्या रांगेत. नाच रंगात आला आणि तिचे काका स्टेजवर चढले. चांगल्या घरची मुलगी चारचौघांत नाचते म्हणजे काय! वेणीला धरून खाली उतरवली तिला, सगळ्या गावादेखत. हे सांगताना ती काकांना एक शब्द वाईट बोलली नाही. रांगेतल्या आपल्या रिकाम्या जागेचं एवढंच म्हणाली, "मनी जागा खाली ऱ्हायनी. नाच तं चालूच व्हता." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते काका मी जन्माला यायच्या आधीच वारले, म्हणून वाचले.

आमचे आबा मात्र वेगळ्या मातीचे. केळीचे बागाईतदार, बोलायला तुसडे, हसायची चोरी. पण रावेरला केळीची गाडी भरून दिली की परतताना दुपारच्या खेळाला ते अक्काला घेऊन जायचे. घरात आजीला सांगायचं, बियाण्याचं बघायला चाललो. अंगाला केळीचा चीक, शर्टावर काळे डाग, तसेच खुर्चीत बसायचे. दोघांचा करार ठरलेला. "तू नाच पाह्य, मी मारामारी पाह्यतो," असं म्हणून आबा पहिल्या गाण्यालाच डोळे मिटायचे. पडद्यावर पहिला ठोसा बसला की अक्का कोपरानं ढोसून त्यांना उठवायची. असा संसार मी दुसरा पाहिला नाही. पुढे घरात टीव्ही आला, रावेरचा फेरा संपला, करार तोच राहिला. रोज जेवण झालं की दुपारी दोघं पलंगावर. मी जळगावहून गेले की तिघं. अक्काचे पाय खाली सोडलेले आणि अंगठे फरशीवर ताल धरून. नवीन सिनेमांवर तिचा राग होता. "पाय दखाडत नहीत मेले. निस्तं तोंडच तोंड!" त्यामुळे मी तिला जुने, काळे-पांढरे सिनेमे शोधून शोधून पेन ड्राइव्हवर भरून न्यायची. त्यातला कॅमेरा लांब उभा राहायचा आणि सगळी रांग पायांसकट दिसायची.

मग अक्काला काचबिंदू निघाला. जळगावच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यात नजर काठाकडून जाते. मधलं शेवटपर्यंत दिसतं. गेलेली परत येत नाही. उरलेली किती टिकेल, सांगता येत नाही. थेंब चुकवू नका." मी घरी येऊन भाऊला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, शब्द न् शब्द सांगितला. तो म्हणाला, "थेंब घालू." त्याला एवढंच ऐकू आलं.

आणि त्यानंतर दोन महिन्यांत आबा गेले.

माती देऊन माणसं परत आली. मी अंघोळ करून बाहेर येते तर काय, भाऊ खुर्चीवर चढून टीव्हीवर चादर घालतोय! निळ्या फुलांची डबल बेडची चादर, चारी बाजूंनी खोचून. म्हटलं, हे काय? तर म्हणाला, "दुखवटा आहे. वर्षश्राद्ध होईपर्यंत टीव्ही बंद." आमच्याकडे ही रीत आहे, मला ठाऊक नव्हती असं नाही. वर्षभर सण नाही, गोडधोड नाही, गाणं-बजावणं नाही. मी म्हटलं, "भाऊ, अक्काच्या डोळ्यांचं काय? डॉक्टरांनी काय सांगितलंय?" तो म्हणाला, "मंदे, वर्षाचा तर प्रश्न आहे. लोकं बसायला येतात. आबा गेले आन् म्हातारी नाच पाहत बसली, असं म्हणतील."

अहो, ज्या माणसानं चिकाचे डाग अंगावर घेऊन बायकोला नाच दाखवले, आईशी खोटं बोलून दाखवले, त्याच माणसाच्या नावानं तिच्या नाचावर चादर! याला काय म्हणावं? आणि दुखवटा पाळत कोण होतं? भाऊ स्वतः आतल्या खोलीत कानात बोंडं घालून मोबाइलवर क्रिकेट बघायचा. वहिनीच्या मालिका स्वयंपाकघरात भांड्याला मोबाइल टेकवून चालायच्या. घरातला सगळा दुखवटा त्या एकट्या बेचाळीस इंची टीव्हीनं पाळायचा, आणि त्याच्यासमोर पलंगावर बसलेल्या अक्कानं.

मी भांडले. खूप भांडले. तर अक्काच मला म्हणाली, "ऱ्हाऊ दे व माय. वरीस काय, निंघी जाई." मला तिचा इतका राग आला की मी त्या दिवशी न जेवता बस धरली.

पण मीही तिचीच मुलगी. पुढच्या महिन्यात फोन केला की डॉक्टरांनी दर मंगळवारी तपासायला बोलावलंय. डॉक्टर दोन महिन्यांतून एकदा या म्हणाले होते. भाऊ बिचारा दर मंगळवारी तिला सकाळच्या बसमध्ये बसवून द्यायचा, मी जळगावच्या स्टँडवर उतरवून घ्यायची. पहिल्या दिवशी वाटलं होतं, ही नाही म्हणेल. सोफ्यावर बसली, पदर सारखा केला, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "जयगावमा चालस. आठे कोन देखस?" म्हणजे जळगावात दुखवटा नाही. मग आमचं सुरू झालं. सकाळी एक सिनेमा, वरणभात खाऊन दुसरा. संध्याकाळी डोळे लाल करून ती घरी परत. वहिनी म्हणायची, औषध फार कडक दिसतंय. अक्का मान हलवायची, "कडक तं शे." एका मंगळवारी मारामारी आली आणि तिनं सवयीनं कोपर बाजूला ढोसलं. तिथं मी होते. कोपर मागे घेत ती म्हणाली, "तुना बाप ऱ्हाता तं उठता." आणि पुन्हा मागच्या रांगेत शिरली.

चार महिने चाललं हे. मग एका मंगळवारी सावद्याच्या आमच्या भाऊबंदातल्या काकू जळगावला लग्नाची पत्रिका द्यायला माझ्या दारात उभ्या. आत सतार-तबला, पडद्यावर बारा बायका, आणि सोफ्यावर अक्का ताल धरून. काकू पत्रिका ठेवून दारातूनच वळल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. त्या घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. भाऊचा फोन आला, "तू अक्काला खोटं बोलायला शिकवलंस." मी म्हटलं, "मी नाही, आबांनी शिकवलं." त्यानं फोन ठेवला. पण अक्का पुन्हा जळगावला आली नाही. मी दर सोमवारी फोन करून ये म्हणायची, ती म्हणायची, "थेंब आठेच टाकतस." ज्या बाईला एकदा वेणीला धरून उतरवलं होतं, ती या वेळी कुणी हात लावायच्या आधीच खाली उतरली. याचा मला अजून राग आहे. तिचा नाही, तिला तसं शिकवणाऱ्यांचा.

पुढचे सात महिने ती चादरीसमोर बसली. सात महिने!

वर्षश्राद्ध झालं. ब्राह्मण जेवून गेले, पाहुणे पांगले, आणि भाऊनं मोठ्या मनानं चादर काढली. घडी करून कपाटात ठेवली. "घे अक्का, आता पाहा किती पाहायचं ते." मी पेन ड्राइव्ह लावला. तिचा आवडता सिनेमा, आरसेमहालातला नाच, वीस-पंचवीस जणी. अक्का पुढे सरकून बसली. मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पुन्हा डावीकडे. तिची नजर एका मुलीपर्यंत पोचायची तोवर ती मुलगी तिथून निघून गेलेली असायची. गाणं अर्ध्यावर आलं तशी तिनं मान सरळ केली आणि हात मांडीवर ठेवले.

"आते निस्ती हिरोईनच दिखस व, मंदा."

भाऊ दारात उभा होता. त्याला कळलंच नाही. "मग चांगलं आहे की," तो म्हणाला. "हिरोईन दिसते ना?"

मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर अक्का दीड वर्ष होती. मी दर रविवारी सावद्याला जायची आणि तिला लागून बसायची. गाणं लागलं की ती विचारायची, "मांगे कोन शे? सांग ना." आणि मी सांगायची. तिसरी काळी आहे, अक्का, नाकात चमकी. हात उशिरा वर गेला तिचा. आता पुढचीकडे बघून सावरलं. अक्का डोळे मिटून ऐकायची. "नवी व्हई. शिकी जाई," म्हणायची. इतकी वर्षं तिच्याशेजारी बसून मी चोरून नायिकाच बघत होते, हे मला तेव्हा कळलं. त्या बायकांचे चेहरे मी पहिल्यांदा बघत होते.

अक्का गेली. दिवसकार्याची, म्हणजे गंधमुक्तीची पंगत उठली आणि माझं लक्ष गेलं तर भाऊ इतके दिवस गडबडीत राहून गेलेली तीच निळ्या फुलांची चादर कपाटातून काढून खुर्ची शोधत होता. घर माणसांनी भरलेलं, काकू समोरच बसलेल्या. मी उठले. चादर त्याच्या हातातून घेतली. त्यानं धरून ठेवायला बघितलं, पण मी सोडली नाही. मग टीव्ही लावला, आवाज मोठा केला आणि अक्काच्या जागेवर बसले. गाणं संपेपर्यंत बसले मी, पाय खाली सोडून, डावीकडल्या तिसरीकडे बघत.

चादर मी जळगावला घेऊन आले. चांगलं जाड कापड आहे. फाडून त्याची चार पोतेरी केली, रोज फरशी पुसते.