क्रुसाकडे पाय

“वजनाचं मला कळतं, फादर. दुसरं काही कळत नसेल, पण दोराला किती वजन लागलंय ते माझा हात सांगतो. ती पेटी थोरल्या फादरांची नव्हती.”

“काका, आजारात माणूस झिजतो.”

“झिजतो की. पण अकरा दिवसांत निम्मा होत नाही. थोरले फादर म्हणजे काय चीज होती, तुम्ही पाहिलं नाही. खुर्चीत बसायला गेले की आधी खुर्ची बोलायची, मग ते.”

नवे फादर हसले नाहीत. चर्चच्या मागच्या खोलीत, जिथं मिस्सेच्या उपासनेचे झगे टांगलेले असतात, तिथं दोघं टेबलाच्या अलीकडं-पलीकडं उभे होते. सकाळची मिस्सा नुकतीच झाली होती. बाकांवर एकाआड एक पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, त्यामुळं तीस माणसं आली तरी चर्च कसं दात पडलेल्या तोंडासारखं दिसायचं.

“हे तुम्ही आज सांगताय,” फादर म्हणाले. “अकरा महिन्यांनी.”

“आज दहाला त्यांच्या कबरीचा दगड येतोय म्हणून सांगतोय. एकदा तो सिमेंटात बसला की संपलं.”

बोलणारा माणूस चर्चच्या दफनभूमीत खड्डे खणायचा. सगळे त्याला सहाफुट्या म्हणत. अंगानं पाच फूट दोन इंच, तेही टाचा उचलल्यावर, पण नाव पडलं ते खड्ड्यावरून. एकतीस वर्षं तो हे काम करत होता. वरची काळी माती डाव्या हाताला, खालची पिवळी उजव्या हाताला, आणि बुजवताना ज्या क्रमानं आली त्याच्या उलट क्रमानं आत, म्हणजे वर पुन्हा गवत धरतं. खोली मोजायला खाचा पाडलेली काठी होती, पण तिच्यावर त्याचा विश्वास नसे. खड्डा झाला की हा गडी स्वतः आत उताणा पडून बघायचा, खांद्याला जागा पुरते का. बायकोनं एकदा वरून पाहिलं आणि म्हणाली, “एवढी हौस आहे तर तिथंच राहा, जेवण दोरानं सोडते.”

बायको थोरल्या फादरांच्या घरी स्वयंपाक करायची. एकोणीस वर्षं. फादरांना मीठ जास्त लागायचं, डॉक्टरांनी बंद केलेलं होतं, आणि त्या दोघांचं मिठाच्या डबीवरून रोज वाजायचं. ती डबी लपवायची, ते शोधून काढायचे. घरी आली की म्हणायची, “सगळ्या धर्मग्रामाची पापं ऐकून घेतात, पण मीठ चोरलं हे एकदा कबूल करत नाहीत.” साथ आली तेव्हा फादरांना आधी ताप आला, तिला तीन दिवसांनी. कुणी कुणाला दिला यावर लोक बरंच बोलले. तोवर दोघांना एकाच गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. फादर गेले पहाटे, ती गेली दुपारी बारानंतर. मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं पवित्र तेल दोघांना लावायला कुणी पोचलं नाही. शेजारच्या धर्मग्रामाचे फादर दवाखान्याच्या फाटकाशी दीड तास उभे राहिले आणि तिथूनच हवेत क्रूस काढून परत गेले.

दुसऱ्या दिवशी एकाच गाडीतून दोन पेट्या आल्या. दोन्ही सारख्या, दोन्हींना जाड प्लास्टिक, डोक्याच्या बाजूला चिकटवलेला कागद. उतरवण्याआधी पांढऱ्या कपड्यातल्या माणसांनी वरून खालून औषध फवारलं, आणि कागदावरची शाई ओघळून नुसती जांभळी राड झाली. गाडीबरोबर आलेल्या मदतनिसानं बोट केलं, “ही फादरची, ती बाईची.” चार जणांचा खोळंबा होता, गाडीला अजून दोन ठिकाणी जायचं होतं. सहाफुट्यानं मान हलवली.

आता इथं एक रीत समजून घ्यायला पाहिजे, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. दफनभूमीच्या मधोमध मोठा क्रूस आहे. साधं माणूस गेलं की त्याला क्रुसाकडे पाय करून पुरतात, म्हणजे शेवटच्या दिवशी उठून बसलं की तोंड आपसूक क्रुसाकडे. फादरांचं उलटं. त्यांचं डोकं क्रुसाकडे आणि तोंड लोकांकडे, मिस्सेत असतं तसं. मेला तरी फादर तो फादर, त्यानं आपल्या माणसांसमोरच उठायचं. त्यांची जागाही वेगळी, क्रुसाच्या पायथ्याशी.

फादरांची म्हणून दाखवलेली पेटी सोडताना दोराचं एक टोक सहाफुट्याच्या हातात होतं. सैल गेला दोर. त्याच्या हाताला तेव्हाच कळलं, पण डोकं ऐकेना. मग बायकोची म्हणून दाखवलेली पेटी निघाली, आणि त्या माणसांनी त्याला दहा पावलं मागं सरकवलं. घरच्यांनी हात लावायचा नाही, असा नियम. त्यानं लांबून पाहिलं. चौघं वाकून गेले होते. एकाचा पाय घसरला आणि तो कुणाला तरी शिवी देऊन म्हणाला, “काय भरलंय रे यात.”

“माझी बायको चव्वेचाळीस किलोची होती, फादर. दवाखान्याच्या कागदावर आहे.”

“तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?”

“तेव्हा मला वाटलं, रडण्याच्या भरात हात खोटं बोलत असेल. नंतर दवाखान्यात गेलो. त्या मदतनिसाला विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी सतरा होत्या, काका, मला माझा चेहरा आठवत नाही.”

फादर खिडकीकडे गेले. वयानं तिशीतले, धर्मगुरूंच्या गुरुकुलातून नुकतेच बाहेर पडलेले. साथीत पहिली मिस्सा त्यांनी गीतांच्या पुस्तकांच्या ढिगावर फोन टेकवून केली होती, समोर एक माणूस नसताना.

“काका, कोण कुठं आहे ते देवाला ठाऊक आहे.”

“त्याला असणारच. त्याला कुणी विचारलंच नाही. मला ठाऊक नाही, हे मी म्हणतोय.” सहाफुट्यानं मास्क नाकावर ओढला. “ती बया आयुष्यात चार माणसांसमोर उभी राहिली नाही. एकदा मिस्सेत वाचन करायला सांगितलं तर आदल्या दिवशी ताप भरला. आणि आता ती क्रुसापाशी उलटी पडलीय. शेवटच्या दिवशी उठून बसेल, आणि समोर बघते तर सगळा गाव आपल्याकडे तोंड करून बसलेला. घाबरून पुन्हा आत जाईल हो ती. मला फक्त तिला फिरवायचीय. दोन तासांचं काम आहे. तुम्ही परवानगी द्या, मी एकटा करतो.”

फादरांनी बिशपांच्या कचेरीत फोन लावला. बाहेर जाऊन बोलले नाहीत, त्याच्यासमोरच बोलले, हे त्यांचं चांगलं. पलीकडच्यानं सगळं ऐकून घेतलं. फादर ‘हो’ म्हणत गेले, ‘हो’चा आवाज बारीक होत गेला, आणि शेवटी त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

“नाही म्हणतात. सरकारी आदेश आहे, त्या पेट्या वर काढायच्या नाहीत, उघडायच्या नाहीत. आणि बाहेर बोलायचं नाही, म्हणाले.”

“बाहेर कशाला बोलू. मी तुमच्याशी बोलतोय.”

“त्या वर्षी अशा बंद पेट्या किती आल्या, काका?”

“त्रेचाळीस.”

“त्यातली एक तरी तुम्ही उघडून पाहिली?”

“नाही.”

“मग चुकली ती एकच, कशावरून?”

बोलून गेल्यावर फादरांना कळलं आपण काय बोललो. त्यांनी हात पुढं केला, पण सहाफुट्या तोवर दाराबाहेर पडला होता.

दफनभूमीच्या मागच्या बाजूला त्या वर्षीच्या तीन रांगा होत्या. तो पहिल्या रांगेच्या टोकाला उभा राहिला. शाळेतल्या बाई, काठीसारख्या, पण त्यांची पेटी जड होती हे त्याला आत्ता आठवलं. पोट सुटलेल्या बेकरीवाल्याची हलकी. दोन सख्ख्या भावांच्या कागदांवर नुसतं आडनावच होतं, म्हणजे दोन्हींवर सारखंच. त्याला वाटलं आपण एखादं कपाट उघडलंय आणि सगळी भांडी अंगावर येतायत. इतके दिवस त्याला एकच शंका होती, तिच्याभोवती तो कसाबसा जगत होता. मिस्सेला यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, ‘हे आमच्या बापा’ म्हणायला लागायचा, आणि मधेच कुठंतरी पलीकडून कुणी फोन ठेवून दिल्यासारखं व्हायचं. तरी आमेनपर्यंत जायचा. आता तेही जमेल असं दिसेना.

तिसऱ्या रांगेत धाकटी मेव्हणी वाकून बसली होती. बादली, जुनं फडकं, फुलं. दर आठवड्याला यायची. बहिणीच्या नावाचा लाकडी क्रूस ती भांडं घासावं तसा घासायची.

“भावोजी, रंग द्या की याला. ‘व’ पुसत आलाय.”

“देतो.”

“देतो देतो म्हणता. ती असती तर आत्तापर्यंत तुमचं डोकं खाल्लं असतं.”

तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. “तुला एक सांगायचंय,” म्हणाला, आणि सांगितलं. दोर, जांभळी शाई, वाकलेले चौघं, सगळं. सांगताना तो मातीकडे बघत होता. तिचं फडकं थांबलं, मग पुन्हा चालायला लागलं, मग थांबलं.

“म्हणजे अकरा महिने मी फादरांना दळण सांगतेय?”

“तसंच दिसतंय.”

“माझ्या सुनेचं, सासूचं, सगळं?”

“फादरांना सवय आहे ऐकायची.”

तिला हसू फुटलं, तोंडावर पदर दाबूनही आवरेना, आणि हसता हसता तिनं बादलीचा काठ घट्ट धरला. मग तिनं नाक पुसलं.

“तुम्ही मला काही सांगितलं नाही,” ती म्हणाली. “ऐकताय का, भावोजी? तुम्हाला मोकळं व्हायचं होतं, तुम्ही झालात. पण मला आठवड्यातून एकदा यायला एक जागा आहे. तिथं जाऊन मी कुणापुढं बसू, त्या मोठ्या क्रुसापाशी? फादरांच्या दगडापुढं लोक बघतील आणि म्हणतील, ही बाई फादरांची कोण लागते. ती इथंच आहे. पुन्हा हे तोंडातून काढू नका.”

तिनं फुलं ठेवली, छातीवर क्रुसाची खूण केली, बादली उचलली. जाताना मागं वळून म्हणाली, “आणि तो ‘व’ रंगवा.”

दहाला गवंडी दगड घेऊन आला, बरोबर दोन गडी. काळा घोटीव दगड, त्यावर फादरांचं नाव, जन्म, दीक्षा, मृत्यू, आणि खाली बायबलातली एक ओळ. तळाचा ओटा आधीच बांधून तयार होता. नवे फादर पांढरा झगा घालून आले, त्यांच्या मागं गायनवृंदातल्या दोन बायका. प्रार्थना झाली. फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं, दगडावर आणि भोवतीच्या मातीवरही, दोनदा, तीनदा, भांडं रिकामं होईपर्यंत. तेवढंच त्यांच्या हातात होतं. सहाफुट्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

गवंड्यानं सिमेंट पसरलं आणि दगड सोडला. मग त्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध येईना.

“जमिनीतच खोट आहे,” गवंडी म्हणाला. “डावीकडं बसतोय. काय करू रे, सहाफुट्या?”

बायकांचं गाणं थांबलं होतं. सगळे त्याच्याकडे बघत होते. उचला म्हणाला असता तर अजून दगड उचलता आला असता, सिमेंट ओलं होतं. खाली पाच फुटांवर चव्वेचाळीस किलोंची बाई, किंवा नव्वदचा फादर, किंवा त्रेचाळिसांतलं तिसरंच कुणीतरी. वर्षभरानं आत काय उरतं आणि कसं उरतं ते तिथल्या सगळ्यांत त्याला एकट्यालाच माहीत होतं. पेटी उघडली तरी चेहऱ्यावरून काही कळणार नव्हतं.

“डाव्या कोपऱ्याखाली कपची घाल,” तो म्हणाला. “बोटभर जाड. पावसाळ्यात ती बाजू अजून बसेल.”

गवंड्यानं कपची घातली. बुडबुडा मधोमध आला. गड्यांनी सांधे भरले, वरून ओलं पोतं टाकलं. बायका निघाल्या. फादर थोडे रेंगाळले, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि “चारला ते शिंप्याचं आहे ना?” एवढंच म्हणाले.

“हो. घरून येणार आहेत. उघडी पेटी.”

“बरं.”

सहाफुट्या क्रुसाला वळसा घालून पलीकडं गेला. शिंपी हृदयानं गेला होता, साथीनं नव्हे. सकाळी अर्धवट सोडलेला खड्डा तिथं तसाच होता, काळी माती डाव्या हाताला, पिवळी उजव्या हाताला. उन्हात वरची ढेकळं वाळून पांढरी पडली होती. त्यानं मास्क खिशात घातला, हातावर थुंकून चोळलं, टिकाव घेतला आणि आत उतरला. दोन फूट राहिले होते.